आम्ही रमना राखला

लग्न होऊन मी चिमूरच्या पलीकडच्या नाक्यावर राहायला गेले, तेव्हा मी सतरा वर्षांची होते. पन्नास साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. माहेर वर्ध्याचं. निघताना आईनं डोळे पुसत बजावलं होतं, "वाघाचा मुलूख हाय, दिवस बुडाला का दार लावून घेत जा." त्यामुळे आपण आता दाट जंगलात राहणार अशी मी मनाची तयारी केली होती. बैलगाडी चिमूरहून निघाली तेव्हा दोन्ही बाजूंना साग, ऐन, मोह असं रान होतंच. पण नाका कोसभर राहिला आणि रान एकाएकी संपलं. समोर नुसतं गवत. माघाच्या उन्हात पिवळं पडलेलं, कमरेएवढं, नजर पोचेल तिथवर. मध्ये कुठे बोरीचं झुडूप. त्या गवताच्या काठाला दोन खोल्यांचं कौलारू घर उभं होतं.

"जंगल कुठी हाय?" मी विचारलं.

"ते मागं राह्यलं," हे म्हणाले. "इथी रमना हाय."

आमचे हे जंगलखात्यात नाकेदार होते. रमना म्हणजे राखलेलं कुरण. फार पूर्वी कुणा जमीनदारानं घोड्यांच्या चाऱ्यासाठी ते राखलं होतं, पुढं ते सरकारात जमा झालं आणि कागदावर जंगल झालं. झाडाचं नाव नाही असं जंगल. ह्यांना त्याची थोडी लाजच वाटे. बाकीच्या नाकेदारांकडे सागाचे कूप, म्हणजे तोडीचे पट्टे, होते, बांबूची रानं होती, आणि ह्यांच्या वाट्याला गवत.

मी सातवी पास होते आणि माझं अक्षर चांगलं होतं. ह्यांचं चालणं दांडगं, झाडाची साल पाहून झाड ओळखत, पण लेखणी हातात घेतली की कपाळाला घाम येई. म्हणून नाक्याची रजिस्टरं लवकरच माझ्याकडे आली. रमन्याच्या रजिस्टरात एक रकाना होता, 'क्षेत्रातील वनस्पती'. आधीच्या नाकेदारानं तिथं दर महिन्याला 'गवत' असं लिहिलं होतं. मीही तेच लिहू लागले. चैत्रात कंटाळून 'वरीलप्रमाणे' लिहिलं.

वैशाखात चांद्याहून हुकूम आला. रमना हे निरुपयोगी क्षेत्र असून तिथं साग लावायचा, असं त्यात होतं. यंदा एका कोपऱ्यात नमुना म्हणून लावायचा, आणि तो धरला की पुढल्या वर्षी सगळा रमना नांगरून काढायचा. हे खुश झाले. "साग लागला का नाक्याले किंमत येईल," म्हणाले. मलाही बरं वाटलं. नवऱ्याचं चांगलं होतंय म्हटल्यावर मी कशाला गवताचा विचार करते!

कोपरा नांगरायला घेतला त्याच सकाळी बुढीमाय आमच्या अंगणात आली. तिला सगळं गाव याच नावानं हाक मारी. गावातली घरं गवतानं शाकारायचं काम तिचं. नवरा गेल्यावर तिनं त्याचा कोयता उचलला होता. बाईमाणूस छपरावर चढतं म्हणून आधी लोक हसले होते, पण तिचं छप्पर गळेना तेव्हा बोलावू लागले. उन्हानं रापलेली, काटकुळी, आणि बोलायला कुणाला न भिणारी अशी ही बाई ओट्याशी उभी राहिली आणि ह्यांना म्हणाली, "नाकेदारभाऊ, इथी साग धरत असता त आमच्या बुढ्यायनं घराचे वासे दोन कोसांवरून काऊन वाह्यले असते?"

"सरकारचा हुकूम हाय माय. मी का करू?"

"तुमी काही करू नोका. जमीनच करंल." मग ती माझ्याकडे वळली. मी रजिस्टर घेऊन बसले होते. "तू का लिहून राह्यली वो बाई?"

"रमन्यात काय काय हाय, ते."

"मंग? का हाय?"

"गवत."

ती इतकी हसली की तिला ओट्यावर टेकावं लागलं. "तुह्या घरी पाव्हणा जेवला, आन बाहेर जाऊन सांगतलं का 'अन्न होतं', त तुले कसं वाटंल? भाजी कोन्ती, वरण कशाचं, काई नाई. नुसतं अन्न!"

मला राग आला होता, कारण तिचं खरं होतं. "मंग तूच सांग काय काय हाय," मी म्हटलं.

"असं बसून नाई सांगता येत. पानी पडू दे, गवत फुटू दे. मंग चाल माह्यासंगं."

आषाढ संपता संपता ती खरंच मला न्यायला आली. त्या पावसाळ्यात मी आठवड्यातून दोनतीनदा तिच्याबरोबर रमन्यात गेले असेन. ती नावं नुसती सांगत नसे. आधी काडी तोडून माझ्या हातात देई आणि म्हणे, चाव. पवन्याची काडी गोडसर लागे. तिखाडीचं पान चुरगळलं की तिखट सुवास दिवसभर बोटांना राही. शेड्याचं बी पांढरं, मऊ. पाणी तुंबतं त्या काळ्या चिकणमातीत मुशान, जरा कोरड्याला मारवेल, नाल्याच्या काठानं कास. कुसळीचं बी पुढं पिकलं तेव्हा तिनं ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि त्यावर थुंकीचं एक बोट लावलं. ती वाळकी काडी जिवंत असल्यासारखी गरगर फिरू लागली. मी ओरडून हात झटकला.

"भेऊ नोको," ती म्हणाली. "असीच फिरत फिरत मातीत घुसते ते. तिले पेरा लागत नाई."

घरी आले की मी लिहून काढी. आगीच्या नोंदींचं एक जुनं रजिस्टर होतं, अर्धं कोरं. धावड्याचा डिंक भिजवून मी एकेका पानावर एकेक गवत चिकटवलं, मुळापासून तुऱ्यापर्यंत. खाली लिहिलं, नाव काय, कुठल्या मातीत येतं, कोणतं जनावर खातं, बी कधी गळतं, माणसाच्या काय कामाचं. दिवाळीपर्यंत तिसावर पानं भरली. हे सुरुवातीला हसत. "एवढी शिकली, आन गवत चिकटवून राह्यली."

ह्यांचं हसणं श्रावणात थांबलं. एका सकाळी बुढीमाय आणि मी निघालो होतो, आणि ह्यांना हद्दीचे दगड पाहायला त्याच बाजूला जायचं होतं, म्हणून आम्ही तिघं बरोबर चाललो. एका जागी बुढीमायनं हात आडवा धरून आम्हाला खाली बसवलं. थोड्या वेळानं पुढच्या गवतातून एक काळा पक्षी सरळ वर उडाला, माणसाच्या डोक्याएवढा उंच गेला, पंख फडफडवून पुन्हा गवतात पडला. मान लांब, डोक्यामागं बारीक तुरे. बेडकासारखा आवाज करून पुन्हा उडाला, पुन्हा पडला.

"तनमोर," बुढीमाय कुजबुजली. "मादीले दाखवून राह्यला, मी इथी हाव म्हणून. गवत उंच हाय म्हणून उडा लागते त्याले. गवत नसलं त तो कशाले येईल?"

हे किती वेळ उकिडवे बसून होते. बारा वर्षं जंगलात काढलेला माणूस, वाघ पाहिलेला, पण असं काही पाहिलं नव्हतं. परत येताना म्हणाले, "आपल्या रजिस्टरात पक्ष्यांचा रकाना नाई काय वो?" मी म्हटलं, "नाई, पण आखता येते." त्याच दुपारी आम्ही तो आखला.

तोवर कोपऱ्यातल्या सागाची हालत दिसू लागली होती. सागाच्या जड्या, म्हणजे बोटाएवढी मुळं, खड्ड्यांत लावली होती. पाऊस लागला तसं त्या काळ्या मातीत पाणी मुरेना, साचून राहिलं. थोड्या जड्यांना पानं फुटली, ती भाद्रपदात पिवळी पडली. कार्तिकात हे एक जडी उपटून घरी घेऊन आले. मूळ मऊ, काळं पडलेलं, दाबलं तर पाणी निघालं. जिथं पाणी साचलं नव्हतं तिथल्या जड्यांचं काम हिवाळ्यात जमिनीच्या भेगांनी केलं. मुळंच तुटली.

ह्यांनी रेंजरसाहेबांना खरं ते कळवलं. मीच लिहिलं ते पत्र. उत्तर आलं की लावताना हयगय झाली असावी, पुढल्या हंगामात सगळं क्षेत्र नांगरून नव्यानं लावावं, त्याआधी चांद्याचे मोठे साहेब फाल्गुनात येऊन पाहणी करतील. हयगय हा शब्द ह्यांना फार लागला. उन्हापावसात उभं राहून त्यांनी जड्या लावून घेतल्या होत्या.

फाल्गुन लागला. साहेब यायला आठ दिवस होते आणि हे ब्रह्मपुरीला एका कोर्टाच्या तारखेला गेले होते. भर दुपारी मी अंगणात मिरच्या निवडत होते. जळल्याचा वास आला. मान वर केली तर रमन्याच्या पश्चिमेला धूर. कुणीतरी मोहाखालचा पाला पेटवला होता, मोहफुलं वेचायला जमीन साफ व्हावी म्हणून, आणि वाऱ्यानं आग गवतात शिरली होती.

मी गावाकडे पळाले. पुरुष बहुतेक मोहाला आणि लाकडाला गेलेले. घरात होत्या त्या बाया. मी पाटलाच्या वाड्यापाशी उभी राहून ओरडले, "रमना पेटला! या वो बाया!" एकदोघी दारात आल्या. एक म्हणाली, "सरकारचं गवत हाय, सरकार पाहीन." तेवढ्यात बुढीमाय कोयता घेऊन माझ्या शेजारी आली. "सरकारच्या घरावर छप्पर हाय कवेलूचं," ती म्हणाली. "तुह्या घरावर कशाचं हाय?"

पंधरावीस बाया निघाल्या. नाल्यावरच्या जांभळीच्या हिरव्या फांद्या आम्ही तोडून घेतल्या. पण आग जवळून पाहिली तेव्हा मी जागीच थांबले. ज्वाळा माणसाहून उंच, पुढं पळणारे ससे, वर घिरट्या घालणाऱ्या घारी. तिच्यापुढं फांद्यांचं काय चालणार?

"तिकडं नोका जाऊ," बुढीमाय म्हणाली. "गाडीवाटेवर या."

रमन्याच्या मधून एक गाडीवाट जात होती, पाचसहा हात रुंद, उघड्या मातीची. तिथं पोचल्यावर बुढीमायनं वाळक्या गवताचा पुळा, म्हणजे पेंढी, घेतला, कमरेची चकमक काढली आणि तो पेटवला.

"का करतेस!" मी तिचा हात धरला. "आपण नाकेदाराचे लोक. आपणच आग लावली त—"

"बाई, हात सोड," ती शांतपणे म्हणाली. "येनाऱ्या आगीले खायाले काई ठेवाचं नाई. आपण इथून जाळत नेऊ, वाटेच्या त्या बाजूनं. ते आली का उपाशी मरंल. तुमी फक्त या बाजूले एक ठिणगी येऊ देऊ नोका."

मी हात सोडला. आयुष्यात काही निर्णय क्षणात घ्यावे लागतात, त्यातला तो माझा पहिला. ती वाटेच्या पश्चिमेच्या कडेनं गवत पेटवत चालली. आम्ही वाटेवर ओळीनं उभ्या राहिलो, आणि या बाजूला उडेल ती ठिणगी फांदीनं झोडपत राहिलो. धुरानं डोळे मिटत होते. एका बाईचा पदर पेटला, दुसरीनं तो हातानं विझवला. आमची आग वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकत गेली, मोठी आग वाऱ्याबरोबर धावत आली. दोन्ही भेटल्या तेव्हा एक मोठा भडका वर गेला, आणि बघता बघता सगळं बसलं. नुसता धूर राहिला. वाटेच्या अलीकडचा रमना, म्हणजे तीनांतले दोन हिस्से, पिवळाधमक उभा होता.

बाया खाली बसल्या. एकीनं दुसरीच्या काजळीनं माखलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि खुदकन हसली, मग सगळ्याच हसत सुटलो. माझ्या हातांना फोड आले होते, पण तो दिवस मला आजही सणासारखा आठवतो.

आठ दिवसांनी साहेब आले. जबलपूरकडचे होते. मराठी समजे, बोलताना हिंदी मिसळे. घोड्यावरून त्यांनी रमना पाहिला, सागाचा कोपरा पाहिला, गाडीवाटेवर थांबून एका बाजूचं काळं आणि दुसऱ्या बाजूचं पिवळं पाहिलं. "आग कोणी विझवली?" त्यांनी ह्यांना विचारलं.

"साहेब, मी नव्हतो. आमच्या घरच्यांनी, आन गावच्या बायांनी."

साहेब नाक्यावर चहाला बसले. मी दाराआड होते. आत्ता नाही तर कधीच नाही, असं मनाशी म्हणून मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ते रजिस्टर नेऊन त्यांच्यासमोर ठेवलं. हे अवघडून गेले. साहेबांनी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, मग चहा बाजूला सारला.

"ये सब तुमने लिखा?"

"लिहिलं मी. सांगतलं तिनं." मी अंगणात उभ्या असलेल्या बुढीमायकडे बोट केलं. तिला मी मुद्दाम बोलावून ठेवलं होतं.

साहेबांनी तिला वर बोलावलं. तासभर ते विचारत होते आणि ती सांगत होती. सारखं सारखं जळलं तर पवन्या मरतो आणि कुसळी माजते. बी गळायच्या आधी जनावर घुसलं तरी तेच. पण मुळीच कापलं नाही तर जुनं गवत नव्याला गुदमरवतं. "म्हणून दिवाळीनंतर कापाचं, आन एक हिस्सा आलटून पालटून तसाच ठेवाचा," ती म्हणाली. "जमीनदार असंच करे. त्याले गवत कळे, मानसं कळत नव्हते."

साहेब मोठ्यानं हसले. मग मला म्हणाले, "यहाँ सागवान नहीं होगा. हे कुरणच आहे, कुरणच राहील. मगर राखेगा कौन? एक नाकेदार पुरेसा नाही."

"गाव राखंल," मी म्हटलं. गावाला विचारलं नव्हतं, पण म्हटलं.

महिन्याभरात हुकूम आला. साग रद्द. दिवाळीपर्यंत रमना बंद, नंतर गावच्या लोकांनी कापून न्यायचं, दर वर्षी तिसरा हिस्सा न कापता ठेवायचा. ह्यांनी तो हुकूम मला दोनदा वाचायला लावला.

हुकूम कागदावर होता, गुरं पाटलाकडे होती. भाद्रपदात गवत ऐन फुलोऱ्यात असताना पाटलाचा कळप रमन्यात शिरला. गुराख्याला विचारलं तर म्हणाला, पाटलानंच सांगितलं. हे वाट्टेल ते ऐकून घेतील पण पाटलाशी भांडणार नाहीत, हे मला माहीत होतं. रोजचं दूध त्यांच्याकडून येई. मी आणि बुढीमाय गेलो, आगीच्या दिवशीच्या पाचसहा बायांना घेतलं, आणि सगळा कळप हाकत गावच्या कोंडवाड्यात आणून घातला.

पाटील तणतणत आले. "नाकेदारीन बाई, हे गुरं कोणाचे हायेत, माहीत हाय काय?"

"माहीत हाय, पाटील. म्हणून हळूच हाकलले."

"माह्या आज्यापासून आमचे गुरं तिथी चरून राह्यले."

"तुमच्या आज्याच्या टायमाले जमीनदाराचे शिपाई होते," बुढीमाय मागून म्हणाली. "तवा कोणाचे गुरं जात नव्हते. मी पाह्यलं हाय, पाटील. तुमी पाळण्यात होते."

जमलेले लोक हसू दाबत होते. पाटलाच्या घरातलीच सून आग विझवायला आली होती. पदर पेटला होता तो तिचाच. ती गर्दीच्या कडेला उभी होती. ती सासऱ्याकडे नुसती पाहत राहिली. पाटलांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा गुरांकडे. "दिवाळीपर्यंत ना?" म्हणाले. "मंग ठीक हाय. पण पयला पुळा माह्या गोठ्यात आला पाह्यजे."

"पयला तुमचाच," मी म्हटलं.

दिवाळीनंतर कापणी झाली. शब्द दिला होता म्हणून पहिली गाडी पाटलाच्या गोठ्यात गेली, दुसऱ्या गाडीपासून घरागणिक वाटे झाले. त्या उन्हाळ्यात आजूबाजूच्या गावांतली गुरं चाऱ्यावाचून हाडांवर आली आणि आमच्या गावातली उभी राहिली. मग हुकूम वाचून दाखवायची गरज उरली नाही. पुढल्या पावसाळ्यात एक परक्या गावचा कळप आत शिरला, तर ह्यांना कळायच्या आधी पाटलांनीच तो हाकलला. दूध घालायला आलेल्या त्यांच्या सुनेनं आम्हाला ते सांगितलं.

आम्ही तिथं आणखी पाच वर्षं होतो. आग दोनदा लागली, दोन्ही वेळा गाडीवाटेवर थांबली. तणमोर दर श्रावणात आले, कधी दोन, कधी चार, ह्यांच्या रकान्यात त्यांची नोंद आहे. तिसऱ्या वर्षी बुढीमायला छपरावर चढवेना, तेव्हा पाटलाची ती सून तिच्या हाताखाली शिकायला लागली. घरात कुरकुर झाली, ती तिनं ऐकून घेतली आणि शिकली. ह्यांची बदली एटापल्लीकडे झाली तेव्हा माझ्या कडेवर एक आणि बोटाला एक अशी दोन मुलं होती. नवीन नाकेदार आदल्या दिवशी हजर झाला. ह्यांनी त्याला किल्ल्या दिल्या, हद्दीचे दगड दाखवले, मग निघायच्या दिवशी सकाळी माझं रजिस्टर त्याच्या हातात ठेवून ते त्याला रमन्यात घेऊन गेले, आणि सकाळी निघायची आमची गाडी दुपार टळल्यावर निघाली.